ळ बाळातला

पाळकसाहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण एका अक्षरावरून होतं.

भिवंडीत तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत माझं टायपिंग-छपाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स आणि मी. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, भाडेकरार, सगळं माझ्या हाताखालून जातं. ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, असे एक उंच गृहस्थ दारात आले आणि आत येताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. माझ्या दुकानात चपला काढणारा तो पहिला माणूस. मी स्वतःसुद्धा काढत नाही.

आदल्या दिवशी कोणाच्या तरी हाती त्यांनी चिठ्ठी पाठवली होती, लेटरहेड छापायला. मी गठ्ठा पुढ्यात ठेवला. त्यांनी वरचा कागद उचलला आणि उलटा वाचायला लागले, म्हणजे शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. नंतर कळलं की ही त्यांची नेहमीची पद्धत. सरळ वाचलं की डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि चुका तशाच राहतात, असं त्यांचं म्हणणं. मग ते शांतपणे म्हणाले की एक अक्षर चुकलं आहे. ‘शांतवन कसबे, पालक’ नाही, ‘पाळक’.

मी म्हटलं, तेच तर लिहिलंय.

आता इथे मला कबूल करायला हवं. मी खारबावची आगरी. आमच्या बोलीत ळ नाहीच. काळा तो काला, डोळा तो डोला, शाळा ती शाला. त्या शालेत एका बाईंनी मला बाकावर उभं करून ‘कमळ’ म्हणायला लावलं होतं आणि अख्खा वर्ग हसला होता. पुढे मी टायपिंगच्या परीक्षेत चांगले मार्क मिळवले, पण ळ मी कानाने नाही, पाठांतराने टाइप करते. कुठल्या शब्दात ळ आहे हे मला ठाऊक असावं लागतं, ऐकू येत नाही. त्यामुळे माझ्या ळ ला कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं. मी त्यांना सरळ सांगितलं, पालक म्हणजे एक तर आईबाप, नाही तर भाजी. तिसरं काही असेल तर दुसरीकडे छापून घ्या.

ते गेले नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले की भाजी चालली असती, पण आईबाप होण्याची त्यांची लायकी नाही. मग मला पाळकाचा अर्थ सांगितला. ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या माणसांची, काळजी घेणारा तो पाळक. मेंढपाळातला पाळ. इंग्रजीत पास्टर म्हणतात, तोही मुळात लॅटिनमधला धनगरच, कळप चारणारा. “पाळक,” ते म्हणाले, “ळ बाळातला.”

मी मनात म्हटलं, आमच्याकडे बाळसुद्धा बाल असतं. पण गठ्ठा पुन्हा छापून दिला. निघताना त्यांनी माझ्या वहीत ‘लेटरहेड मिळाली’ असं लिहून खाली सही केली. मी मागितली नव्हती. म्हणाले, वस्तू हातात आली की पोच द्यावी, म्हणजे देणाऱ्याच्या जिवाला घोर राहत नाही. त्या रात्री मी एका चिठ्ठीवर ‘पाळक’ लिहून ती कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली.

पुढे ते महिन्यातून दोन-तीनदा यायचे. मंडळीची सूचनापत्रं, कोणाच्या लग्नाचा दाखला, कोणाच्या रेशनकार्डाचा अर्ज. त्यातले अर्धे लोक त्यांच्या मंडळीतले नसायचे. ते मूळचे नगरकडचे, भाषा एकदम खणखणीत. मला कायम पूर्ण नावाने हाक मारायचे, “काय रंजना म्हात्रे, आज कोणती अक्षरं खाल्लीत?” दुसऱ्या कोणी असं विचारलं असतं तर मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून आले असते.

शब्दांचा त्यांना नाद होता. माझा गिऱ्हाइकांचा वेळ खाऊन ते मला शब्द सांगत बसायचे. यंत्रमागावर काम करणारे यूपी-बिहारचे कामगार त्यांना पादरीसाब म्हणायचे, आमच्यातले म्हातारे पाद्रीबाबा. ते म्हणायचे, हा पाद्री पोर्तुगिजांच्या गलबतातून वसईला उतरला. पाव, बटाटा आणि चावी त्याच्याबरोबरच आले. मूळ शब्द पाद्रे, म्हणजे बाप. कॅथलिकांचा फादर तोही बापच. “आता बघा, लोक मला बाप म्हणतात, तुम्ही छापलंत पालक, म्हणजे पुन्हा बापच. मी आपला राखणाऱ्याच्या नोकरीला आलेला माणूस.” पत्रिकेत नावामागे रेव्हरंड लावू का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले त्याचा अर्थ मान देण्याजोगा. लोकांना द्यायचा तर देतील, आपणच छापून कसा मागायचा?

मिनिस्टरची गंमत तर आमच्या गल्लीत बरेच दिवस पुरली. त्यांना कुठून तरी इंग्रजीत पत्ता लिहिलेलं पाकीट आलं, त्यावर नावाखाली ‘मिनिस्टर’. ते चुकून चर्चशेजारच्या लूमच्या कारखान्यात पडलं. कारखान्याचे मालक सलीमभाई पाकीट घेऊन स्वतः धावत आले. इतकी वर्षं शेजारी मंत्री राहतो आणि आपल्याला पत्ता नाही, म्हणून बिचारे शरमिंदे. लगेच विजेच्या जोडणीचं अडलेलं काम काढलं. पाळकसाहेब त्यांना घेऊन माझ्याकडे आले आणि अर्ज करायला सांगितला. इंग्रजीत पाळकालाही मिनिस्टर म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ सेवक, हे त्यांनी सलीमभाईंना हिंदीत समजावलं, आणि पुढे म्हणाले, “ये बात मंत्री लोगों को किसीने बताई नहीं, इसलिए घोटाला है.” मग सेवक या नात्याने त्यांच्याबरोबर वीज कचेरीत चार खेपा घातल्या. काम झालं. सलीमभाई शेवटपर्यंत त्यांना मंत्रीजीच म्हणत राहिले.

आणि हे सगळं असताना, हा माणूस शेळ्यांना घाबरायचा.

भिवंडीच्या गल्ल्यांत शेळ्या माणसांसारख्या हिंडतात. भिंतीवरची पोस्टरं खातात, पायऱ्यांवर झोपतात. एकदा आमच्या दारात एक बोकड येऊन पाळकसाहेबांच्या पिशवीतून डोकावणारा कागद ओढायला लागला. त्या कागदावर रविवारचं प्रवचन होतं. साहेब स्टुलावर पाय वर घेऊन बसले. बोकडाने अर्धं प्रवचन निवांत खाल्लं. मी झाडू घेऊन त्याला हाकललं आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हटलं, धनगराच्या पदावर नेमणूक करताना शेळीसमोर उभं करून बघत नाहीत वाटतं? ते म्हणाले की त्यांचे वडील शाळामास्तर होते, मेंढरू त्यांनी फक्त चित्रात आणि प्रवचनात पाहिलं आहे. मग स्वतःही हसले, पण पाय खाली घ्यायला बराच वेळ लावला.

चर्चच्या आवारात दोन खोल्या होत्या. तिथे डोंगरातल्या पाड्यांवरच्या चार-पाच मुली राहायच्या, अकरावी-बारावीला भिवंडीत शिकायला आलेल्या. साहेबांच्या पत्नी मार्थाबाई त्यांचं जेवणखाण बघायच्या. मुली वारली, घरचे आपले देव मानणाऱ्या, आणि रविवारच्या उपासनेला बसण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती. काही बसायच्या, काही नदीवर कपडे धुवायला जायच्या. मी फटकळ, एकदा विचारलंच, यांनी ख्रिस्ती व्हावं असं तुम्हाला वाटत नाही? मला वाटलं, गोड काहीतरी सांगून टाळतील.

“वाटतं ना,” ते म्हणाले. “न वाटायला मी काय दगड आहे? पण वाटणं माझं आहे, पोरी त्यांच्या आईबापांच्या आहेत.”

त्या मुलींत एक कल्पना होती. अकलोलीच्या वर डोंगरात तिचा पाडा. बाप ती लहान असतानाच गेला होता, आई बुधीबाई दुसऱ्यांच्या शेळ्या राखायची आणि हंगामात मजुरीला जायची. कल्पना बारावी झाली, मार्क चांगले पडले आणि तिने नर्सिंगला जायचं ठरवलं. पाड्यावरून नर्सिंगला जाणारी ती पहिलीच. प्रवेशाच्या अर्जासोबत ती भिवंडीत कोणाकडे राहते याचं पत्र हवं होतं. साहेबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला, कल्पना समोर बसली होती.

आता इतक्या वर्षांत कॉम्प्युटर बदलला होता, कडेची चिठ्ठी जुन्या पडद्याबरोबर भंगारात गेली होती. नव्या मशीनला पाळक हा शब्द माहीतच नव्हता. खाली लाल रेघ यायची आणि मशीन आपलं सुचवायचं, पालक. त्या दिवशी दुकानात गर्दी, अर्जात वरपासून खालपर्यंत पालकाचं नाव, पालकाची सही असं छापलेलं, आणि माझा कान हा असा. लाल रेघ बघून मी चूक समजले आणि मशीनचं ऐकलं. साहेबांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. उलटं सोडा, त्यांनी सरळही वाचलं नाही, म्हणाले रंजना म्हात्रेने केलंय म्हणजे बरोबर असणार. सही केली.

कॉलेजने त्या पत्रावरून पालकाच्या रकान्यात त्यांचं नाव घातलं. निवड झालेल्यांची यादी लागली, पाड्यावरच्या कोणीतरी ती मोबाइलवर पाहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली. कल्पनाचा पालक, शांतवन कसबे. म्हणजे पाद्रीने पोरगी आपल्या नावावर करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बुधीबाई खाली आली. कोणाशी बोलली नाही, पाणी घेतलं नाही. कल्पनाचा दंड धरला आणि घेऊन गेली.

कॉलेजने परत पाठवलेला अर्ज आणि ते पत्र घेऊन साहेब माझ्याकडे आले. चपला काढल्या, स्टुलावर बसले आणि पत्र माझ्यासमोर ठेवून त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मी बघितलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की चार दिवसांत मुलीला कागद घेऊन हजर राहायचं आहे, अर्जावर आईचा अंगठा पाहिजे, नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. मी शटर खाली ओढलं. म्हटलं, चूक माझी आहे, मी येऊन सांगते.

अकलोलीपर्यंत रिक्षाने गेलो, तिथून चालत वर. साहेब तेव्हा साठीच्या जवळ आले होते, गुडघे कुरकुरत होते. चढताना मी मनात वाक्य घोळवत होते, पालक नाही पाळक, पालक नाही पाळक. ळ नीट येत होता. जीभ वर वळवून मी तो अगदी व्यवस्थित म्हणत होते.

बुधीबाई अंगणात होती. बारीक, काळी, ताठ बाई. आजूबाजूला दहा-बारा शेळ्या. कल्पना दारात, डोळे सुजलेले. मी पुढे झाले आणि बोलायला तोंड उघडलं, आणि काय सांगू, इतक्या वर्षांचं शिक्षण त्या अंगणात गळून पडलं. तिच्यासमोर मी थेट खारबावची झाले.

“बाय, चूक माजी हाय. मी पालक लिवलं. पालक लिवायला पायजे व्हतं.”

बुधीबाईने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार, ही बाई येडी आहे. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच निघालं. मग साहेब पुढे आले आणि त्यांनी आपल्या नगरी खणखणीत आवाजात दोन्ही शब्द सुटे करून म्हटले. बुधीबाईने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, “तेच त सांगतंय मी. पालक झाला हास तू.” तिच्याही बोलीत ळ नव्हता. त्या डोंगरावर पाळक आणि पालक यांच्यात फरक करणारा एकच माणूस होता, आणि ज्या कानांना तो फरक कळायला हवा होता त्यांच्यासाठी फरक नव्हताच. लाजेने माझी मान वर होईना.

साहेब म्हणाले की दोन वर्षांपूर्वी तूच हिला आणून माझ्याकडे दिलीस.

“सोडली व्हती,” बुधीबाई म्हणाली. “दिली न्हवती.”

  एक शेळी येऊन साहेबांच्या पिशवीला नाक लावू लागली. ते गुडघे जुळवून उभे राहिले, पण पळाले नाहीत. मग वेळ काढायला म्हणा, की खरंच सुचलं म्हणा, त्यांनी विचारलं की या शेळ्या कोणाच्या.

बुधीबाईने सांगितलं, खालच्या गावातल्या. चार घरच्या आहेत, मी राखतंय. साहेबांनी विचारलं, राखायचं म्हणजे काय काय करायचं. आता आपलं कामच कोणी विचारलं की माणूस बोलतो. ती बोलायला लागली. सकाळी खाली जाऊन ज्याच्या-त्याच्या दारातून सोडून आणायच्या. चारायच्या, पाण्यावर न्यायच्या, लंगडलेली खांद्यावर घ्यायची. सांजला परत ज्याच्या-त्याच्या दारात न्यायच्या आणि बाहेरून हाक द्यायची, ‘आणल्या हो!’ आतून घरधनीण ‘आल्या’ म्हणाली की सुटलो. ती म्हणेपर्यंत हलायचं नाही. ती चुलीशी असली, पोराला पाजत असली, तरी उभं राहायचं. न सांगता गेलं आणि रात्री एखादी हरवली, तर ती राखणारीच्या डोक्यावर.

साहेब ऐकत होते. मी बाजूने त्यांचा चेहरा बघत होते. वर्षानुवर्षं रविवारी उभं राहून मंडळीला कळपाच्या गोष्टी सांगणारा हा माणूस एखाद्या विद्यार्थ्यासारखा ऐकत होता.

“बुधीबाय, माझं काम तुझ्यासारखंच आहे,” ते म्हणाले. “मी राखणारा. पोरगी तुझी.”

 तिने शेळीला हाकललं, परत आली.

“राखनारा सांजला आनून देतो,” ती म्हणाली. “तू देशील?”

“देईन. तुझ्या दारात उभा राहून हाक मारीन.”

तिथेच, अंगणातल्या बाजेवर कागद ठेवून साहेबांनी अर्जात भरलेलं आपलं नाव स्वतःच्या पेनाने खोडलं आणि वर लिहिलं, बुधी, आणि पुढे तिच्या नवऱ्याचं नाव. कल्पनाने ते आईला वाचून दाखवलं. बुधीबाईने अंगठा उठवला. माझ्या पत्रावरही त्यांनी पालक खोडलं. मला वाटलं आता पाळक लिहितील. त्यांनी लिहिलं, राखणारा. कॉलेजमधल्या कारकुनाने त्यावर काही विचारलं नाही, आईचा अंगठा आहे ना, एवढंच बघितलं आणि प्रवेश झाला.

त्यानंतरची तीन-साडेतीन वर्षं कल्पना शिकली. सुट्टीत घरी जाऊन यायची, पण साहेब म्हणायचे ते जाणं-येणं वेगळं, ते मोजायचं नाही. मधल्या काळात मार्थाबाई गेल्या. साहेब निवृत्त झाले आणि मुलाकडे नगरला राहायला गेले. जाताना दुकानात निरोप घ्यायला आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना ऐकायला फार कमी येतं. चर्चला लागून चोवीस तास खटखटणारे लूम, दोन-दोन शिफ्ट. त्या आवाजात वीस वर्षं काढली की दुसरं काय होणार? माझं ओठांकडे बघून ऐकायचे. मी चिडवायला म्हटलं, आता तरी मी कसंही बोलले तरी चालेल. ते हसले आणि म्हणाले, “आता मीपण आगरीच झालो, रंजना म्हात्रे. मलाही ळ ऐकू येत नाही.”

मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन तोंड धुवून आले.

गेल्या वर्षी, दिवाळी उलटून थोडेच दिवस झाले होते, सकाळी दुकान उघडते तर पायरीवर साहेब. सदरा ढगळ झालेला, हातात काठी. शेजारी कल्पना, पाठीवर बॅग. तिचा निकाल लागला होता, ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. ती सरळ ठाण्याला जायच्या तयारीत होती, पण हा माणूस नगरहून एसटी बदलत बदलत भिवंडीत येऊन उभा राहिला होता. कल्पना मला हळूच म्हणाली, बाबांना समजवा, डोंगर चढवणार नाही त्यांना. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन मोठ्याने सांगितलं. ते म्हणाले, “पोच घ्यायची राहिली आहे. तुम्ही चला, तुम्ही साक्षीदार.”

मग काय, शटर पुन्हा खाली. अकलोलीपासूनचा तो चढ. ते दहा पावलं चढायचे आणि थांबायचे. प्रत्येक थांब्याला कल्पना त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघायची, आणि ते तिला बघू द्यायचे. एका झाडाखाली पाणी पिताना त्यांनी मला विचारलं की तिकडे शेळ्या असतील का. असणारच, मी म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पाड्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. अंगणात दोन शेळ्या बांधलेल्या, या मात्र बुधीबाईच्या स्वतःच्या होत्या. आत चूल पेटल्याचा धूर येत होता. कल्पना आईला हाक मारायला पुढे झाली, तर साहेबांनी तिला हाताने थांबवलं. काठी माझ्याकडे दिली. शेळ्यांच्या मधून, त्यांच्याकडे न बघता, दारापर्यंत गेले. चपला काढल्या. आणि हाक मारली, ऐकायला न येणाऱ्या माणसाची असते तशी, गरजेपेक्षा फार मोठी.

“बुधीबाय! आणली हो!”

आतलं भांडं वाजायचं थांबलं. बुधीबाई बाहेर आली, हात पदराला पुसत. साहेबांकडे तिने पाहिलंच नाही आधी. लेकीकडे गेली, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, खांद्याला धरून फिरवलं, गालावरून हात फिरवला. तिला हवी होती ती खात्री झाली असावी. मग लेकीकडेच बघत, हळू, चुलीशी बोलावं तसं म्हणाली, “आली.”

मी ऐकलं. कल्पनाने ऐकलं आणि ती रडायला लागली. साहेब दारातच उभे होते. हलले नाहीत. मला वाटलं दम लागला असेल. मग कळलं, त्यांनी ऐकलंच नाही. ती म्हणेपर्यंत हलायचं नसतं, म्हणून ते वाट बघत होते, तिच्या पाठीकडे बघत, अनवाणी.

मी सांगायला पुढे होणार होते. पण बुधीबाईने मागे वळून बघितलं आणि तिलाही ते कळलं. ती त्यांच्याजवळ गेली, टाचा उंचावून त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि साऱ्या पाड्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

“आली रं बाबा. आली. आता तू जा घरी.”

त्यांनी मान हलवली. वाकून चपला घातल्या, माझ्याकडून काठी घेतली आणि उतरायला लागले.